दुव्याची दलाली

‘दलाल’ हा शब्द मराठीत काहीशा नाराजीने उच्चारला जातो. माल पिकवणारा एक, वापरणारा दुसरा, आणि ह्या दोघांच्या मध्ये उभा राहून काही न पिकवता व काही न वापरता आपला वाटा काढून घेणारा तिसरा, अशी त्याची प्रतिमा आपल्या मनात घट्ट बसलेली आहे. मूळ शब्द मात्र असा नव्हता. तो अरबीतून आला. ज्या धातूपासून तो बनला त्याचा अर्थ वाट दाखवणे, खूण पटवणे असा आहे. वादात आपण जी ‘दलील’ करतो तिचे मूळही तेच. म्हणजे दलाल हा प्रथमत: वाटाड्या होता. परक्या गावात आलेल्या व्यापाऱ्याला कोणाकडे चांगले कापड मिळेल, कोणाचे माप खरे आहे आणि कोणाचा शब्द विश्वासाचा आहे, हे सांगणारा. त्या सांगण्याबद्दल त्याला काही मिळे, आणि ते गैर आहे असे कोणाला वाटत नसे. दीपावली वार्षिकाचे संस्थापक चित्रकार दीनानाथ दलाल ह्यांच्या आडनावात तो जुना शब्द कसलाही डाग न लागता टिकून आहे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

आज ह्या शब्दाची आठवण होण्याचे कारण असे की, गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ह्या वाटाड्याच्या धंद्याने एक अगदी नवे रूप घेतले आहे. इंग्रजीत त्याला ‘अ‍ॅफिलिएट मार्केटिंग’ म्हणतात. कोणी त्याला ‘संलग्न विपणन’ म्हणते, पण ते नाव अजून बोलण्यात रुळलेले नाही. आपण त्याला दुव्याची दलाली म्हणू. कोणी एक गृहस्थ इंटरनेटवर एखाद्या पुस्तकाविषयी, शिलाईयंत्राविषयी वा पाणी तापवण्याच्या उपकरणाविषयी लिहितो किंवा बोलतो आणि त्याखाली दुकानाकडे नेणारा एक दुवा ठेवतो. वाचणारा त्या दुव्यावरून दुकानात गेला आणि त्याने खरेदी केली, तर दुकानदार त्या गृहस्थाला विक्रीचा काही टक्के भाग देतो. ह्या मार्गाने आयुष्यभर पुरेल असे उत्पन्न उभे करता येते, एकदा लिहून ठेवले की झोपेतही पैसा येत राहतो, असे तरुणांना सांगणारे पुष्कळ आहेत. जिल्ह्याच्या गावी पदवी घेऊन नोकरीची वाट पाहणाऱ्या मुलाला हे खरे वाटावे, ह्यात नवल नाही. ते खरे की खोटे हे एका शब्दात सांगता येत नाही, परंतु दलालीचे उत्पन्न कधी टिकले आणि कधी टिकले नाही ह्याविषयी इतिहास बरेच काही सांगतो. तो इतिहास संगणकाच्या कितीतरी आधी सुरू होतो.

वऱ्हाडातल्या कापसाच्या बाजारापासून आरंभ करू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला इंग्लंडात मागणी आली, रेल्वे वऱ्हाडात पोहोचली, आणि खामगाव, कारंजा, अमरावती ह्या गावांचे बाजार एकाएकी मोठे झाले. शेतकरी गाडी भरून बाजारात येई. त्याला खरेदीदार ठाऊक नसे, म्हणून तो अडत्याकडे जाई. अडत्या त्याचा माल विकून देई आणि त्याबद्दल अडत घेई. इथपर्यंत व्यवहार सरळ होता. परंतु भाव ठरत असे तो हत्ता पद्धतीने. अडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली एकमेकांचे हात धरीत, आणि बोटे दाबून आकडा सांगितला जाई. ज्याचा कापूस तो शेतकरी शेजारीच उभा असे, पण उपरण्याखाली काय चालले आहे हे त्याला दिसत नसे. मग अडत, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशा नावांनी एकामागून एक रकमा वजा होत आणि उरेल ते त्याच्या हाती पडे.

ह्या पद्धतीत दोष कोठे होता, हे नीट पाहिले पाहिजे. अडत्या पैसे घेत असे हा तो दोष नव्हे. त्याचे पैसे शेतकरी देत होता, पण त्याची भाकरी खरेदीदाराच्या मर्जीवर होती, कारण शेतकरी वर्षातून एकदोनदा येई आणि खरेदीदार रोज येई. अशा स्थितीत उपरण्याखालचे बोट कोणाच्या बाजूने झुकेल हे सांगायला नको. कारंज्याचा कापूसबाजार १८८६ साली नियमनाखाली आणला गेला, आणि भारतातील नियंत्रित बाजाराचा तो पहिला प्रयोग मानला जातो. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्यबाजाराचा कायदा झाला. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने आपला अहवाल दिला, त्यात वऱ्हाडच्या ह्या व्यवस्थेचा दाखला घेऊन इतर प्रांतांनीही तसे बाजार उभारावेत असे सुचविले, आणि एकाच दलालाने विकणारा व घेणारा ह्या दोघांचेही काम करू नये अशी शिफारस केली. मुंबई इलाख्यात १९३९ चा आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ चा बाजार समित्यांचा कायदा आला, तो ह्याच वाटेने. तरीही अडत कोणी द्यावी हा वाद मिटला नाही. फळे व भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय महाराष्ट्रात प्रत्यक्ष अमलात यायला २०१६ साल उजाडले.

दलाली कशावर मोजायची ह्यावरही बरेच अवलंबून असते. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास ह्या बाबतीत बोलका आहे. कावसजी दावर ह्यांनी १८५४ साली पहिली गिरणी काढली, तेव्हापासून गिरण्यांचा कारभार मॅनेजिंग एजंटांकडे असे. कित्येक गिरण्यांत त्यांचे कमिशन निघालेल्या सुतावर, म्हणजे पौंडामागे पाव आणा असे, मोजले जाई. गिरणीला नफा झाला की तोटा, ह्याच्याशी त्याचा संबंध नव्हता. साहजिकच खप असो वा नसो, सूत काढत राहण्यात एजंटाचे हित होते, आणि भागधारक नुसते पाहत बसत. जमशेटजी टाटा ह्यांनी आपले कमिशन उत्पादनावर न घेता नफ्यावर घेतले, ही गोष्ट त्या काळी अपवाद म्हणून बोलली गेली. ही मॅनेजिंग एजन्सीची पद्धत कायद्याने बंद झाली ती १९७० साली.

परंतु दीर्घकाळ चालणाऱ्या दलालीचा खरा धडा आपल्याला मिळतो तो आयुर्विम्याच्या धंद्यात, आणि तेथे थोडे थांबणे अवश्य आहे.

विमा ही विकायला फार अवघड वस्तू. ती दिसत नाही, चाखता येत नाही, आणि तिचा उपयोग ज्याने घेतली त्याच्या पश्चात होण्याचा संभव. म्हणून विमा कंपन्यांना दारोदार जाणारा माणूस लागे. मुंबईत १८७४ साली निघालेली ओरिएंटल, साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले ह्यांनी १९१३ साली काढलेली वेस्टर्न इंडिया लाइफ, अशा कंपन्यांचे प्रतिनिधी गावोगाव फिरत. शाळामास्तर, पोस्टमास्तर, वकिलाचा कारकून ह्यांच्या ओसरीवर बसून, मुलीच्या लग्नाचा आणि अकाली मृत्यूचा विषय एकाच बैठकीत काढण्याचे कसब त्यांना साधावे लागे.

ह्या माणसाला मोबदला कसा द्यावा? विमा विकला त्या दिवशीच सगळी रक्कम दिली, तर तो पुन्हा त्या घराकडे फिरकणार नाही. हप्ते थकतील, पॉलिसी बुडेल, आणि बुडालेल्या पॉलिसीत कंपनी, ग्राहक दोघांचेही नुकसान. म्हणून दर वर्षीच्या हप्त्यावर थोडे थोडे कमिशन देण्याची प्रथा पडली. विमा कायद्याला १९५० साली जी दुरुस्ती झाली, तिने ह्या कमिशनाच्या वरच्या मर्यादा ठरवून दिल्या: साधारणत: पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर शेकडा ३५, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी शेकडा साडेसात, आणि त्यापुढे दर वर्षी शेकडा ५. वर्षाला १०० रुपये हप्ता असलेली वीस वर्षांची पॉलिसी घेऊन हिशेब केला तर गंमत दिसते. पहिल्या वर्षी प्रतिनिधीला ३५ रुपये मिळतात, आणि उरलेल्या एकोणीस वर्षांत मिळून १००. म्हणजे त्याच्या मिळकतीचा जवळजवळ तीनचतुर्थांश भाग ग्राहक हप्ते भरत राहतो की नाही, ह्यावर टांगलेला असतो. मास्तरांची बदली झाली तर नवा पत्ता कळवणे, हप्त्याची तारीख टळू न देणे, कर्जाचा कागद भरून देणे ही कामे तो का करीत असे, त्याचे उत्तर ह्या आकड्यात आहे.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट कायद्याच्या ४४ व्या कलमात होती. प्रतिनिधीने काम सोडले किंवा कंपनीने त्याला दूर केले, तरी त्याने ठरावीक वर्षे सेवा केलेली असेल आणि लबाडी केलेली नसेल, तर आधी मिळवून दिलेल्या पॉलिसींवरील पुढचे कमिशन कंपनीला थांबवता येत नसे. करारात काहीही लिहिलेले असो. तो वारला तर ते त्याच्या वारसांना मिळे. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख ह्यांनी ह्याच आकाशवाणीवरून, आयुर्विम्याचा कारभार सरकारने आपल्या हाती घेतल्याचे देशाला सांगितले. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले आणि त्यात २४५ देशी-परदेशी विमा कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्था विलीन झाल्या. मालक बदलले, पाट्या बदलल्या, तरी वर्षागणिक कमिशनाची पद्धत महामंडळानेही चालू ठेवली. महाराष्ट्रातील कितीतरी मध्यमवर्गीय घरांत वडिलांच्या मागे आईच्या हाती दर महिन्याला काही रक्कम येत राहिली, ती ह्या व्यवस्थेमुळे.

ह्या चित्राला काळी बाजूही आहे. पहिल्या वर्षीचे मोठे कमिशन पुष्कळ प्रतिनिधींना मोहात पाडी. त्यातला काही भाग ग्राहकाला गुपचूप परत देऊन पॉलिसी गळ्यात मारायची, आणि दुसऱ्या हप्त्याला ती बुडाली तरी फिकीर करायची नाही, असा प्रकार इतका बोकाळला की अशी सूट देण्यावर कायद्याच्या ४१ व्या कलमाने बंदी घालावी लागली. ती बंदी पाळली गेली असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पुढे म्युच्युअल फंडांच्या धंद्यात हीच कहाणी पुन्हा घडली. २००९ साली सेबीने ग्राहकाच्या रकमेतून प्रवेशालाच कापला जाणारा भार बंद केला, आणि २०१८ साली वितरकाला आगाऊ कमिशन देणेच थांबवून, गुंतवणूक जोवर टिकून आहे तोवरच थोडे थोडे कमिशन द्यावे, असा दंडक घातला. विमाव्यवसायाला जे फार पूर्वी उमगले होते, तेथेच येऊन पोहोचायला ह्या नव्या धंद्याला एवढी वर्षे लागली.

आता अमेरिकेकडे वळू. इंटरनेट घरोघरी पोहोचण्यापूर्वी तेथे ‘प्रॉडिजी’ नावाचे एक संगणकजाळे होते, आयबीएम आणि सिअर्स ह्या दोन मोठ्या कंपन्यांनी चालवलेले. त्या जाळ्यावर विल्यम टोबिन ह्या गृहस्थाने १९८९ साली फुले आणि भेटवस्तू विकण्याचे दुकान उघडले, आणि विक्रीवर प्रॉडिजीला कमिशन देण्याची रीत ठेवली. हेच दुकान पुढे इंटरनेटवर आले, तेव्हा १९९५ पर्यंत त्याला अडीच हजारांवर संलग्न भागीदार मिळाले होते. टोबिनने १९९६ साली ह्या पद्धतीच्या पेटंटासाठी अर्ज केला आणि २००० साली ते त्याला मिळाले. त्याच सुमारास, म्हणजे नोव्हेंबर १९९४ मध्ये, ‘सीडीनाऊ’ ह्या संगीताच्या तबकड्या विकणाऱ्या दुकानाने अशीच योजना काढली. निमित्त झाले ते गेफन रेकॉर्ड्स ह्या ध्वनिमुद्रिका कंपनीचे. गेफनला आपल्या गायकांच्या तबकड्या आपल्या पानावरून विकायच्या होत्या, पण दुकान चालवण्याची यातायात नको होती. सीडीनाऊने सांगितले, तुम्ही फक्त दुवा ठेवा, बाकीचे आम्ही पाहू. मग जो कोणी संगीतावर लिहितो त्या प्रत्येकाला हीच सोय का देऊ नये, असा विचार निघाला.

जुलै १९९६ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपली ‘असोसिएट्स’ योजना सुरू केली. अ‍ॅमेझॉन त्या वेळी केवळ पुस्तके विकीत असे आणि त्याला एक वर्ष झाले होते. पक्षिनिरीक्षणाची आवड असलेला एखादा मास्तर पक्ष्यांवरील पुस्तकांची यादी आपल्या पानावर देई, वाचक तेथून पुस्तक घेई, आणि मास्तरांना थोडे कमिशन मिळे. ह्या पहिल्या काळातील दुव्याची दलाली मला त्या मूळ अरबी अर्थाच्या सर्वांत जवळची वाटते. ज्याला विषय कळतो तो ज्याला कळत नाही त्याला वाट दाखवतो आहे, आणि दुकानदाराला असा वाटाड्या स्वत:हून हजारो ठिकाणी शोधता आला नसता.

पण दुकानदाराला कसे कळावे की हे गिऱ्हाईक अमक्याच्या वाटेने आले? वऱ्हाडच्या बाजारात अडत्या प्रत्यक्ष हजर असे, आणि विमा प्रतिनिधीचे नाव अर्जावर लिहिलेले असे. इंटरनेटवर ही साक्ष देण्याचे काम ‘कुकी’ नावाची एक खूण करते. नेटस्केप कंपनीतील लू माँटुली ह्या अभियंत्याने १९९४ साली ती योजली. दुव्यावर बोट ठेवताच वाचकाच्या संगणकात ही लहानशी चिठ्ठी टाकली जाते, आणि पुढे तो खरेदी करतो तेव्हा दुकान ती वाचून कमिशन कोणाचे ते ठरवते. चिठ्ठीला मुदत असते. अ‍ॅमेझॉनची मुदत केवळ चोवीस तासांची. वाचकाने आज लेख वाचला, रात्री घरात विचारविनिमय केला आणि परवा वस्तू मागवली, तर लिहिणाऱ्याला एक पैही मिळत नाही. शिवाय ज्याची चिठ्ठी शेवटची त्याला सगळे कमिशन, असा बहुतेक ठिकाणचा नियम. महिनाभर संशोधन करून वाचकाचे मन वळवणारा एक असतो, आणि शेवटच्या क्षणी सवलतीचे कूपन दाखवून आपली चिठ्ठी वर ठेवणारा दुसराच.

जेथे एका चिठ्ठीवर पैसा मिळतो तेथे खोट्या चिठ्ठ्या निघणारच. वाचकाने दुव्याला हातही लावलेला नसताना त्याच्या संगणकात गुपचूप चिठ्ठ्या भरून ठेवायच्या, म्हणजे त्याने पुढेमागे आपल्या मनाने काही घेतले तरी कमिशन आपले, अशी चोरी सर्रास होऊ लागली. ईबे ह्या कंपनीने २००८ साली आपल्याच सर्वांत यशस्वी संलग्न दलालांविरुद्ध ह्या कारणासाठी न्यायालयात धाव घेतली, पुढे फौजदारी खटले झाले आणि शिक्षाही झाल्या.

आता ज्याला दीर्घकालीन उत्पन्न म्हणतात, त्याचे काय झाले ते पाहू. २००८ साली न्यूयॉर्क राज्याने असा कायदा केला की, राज्यात राहणारे संलग्न दलाल म्हणजे त्या दुकानाचेच राज्यातील अस्तित्व समजावे आणि दुकानाने विक्रीकर गोळा करून द्यावा. तोवर १९९२ च्या एका निकालामुळे, ज्या राज्यात दुकानाची वास्तू वा माणूस नाही तेथे कर गोळा करण्याचे बंधन नव्हते. न्यूयॉर्कचे पाहून इतर राज्ये पुढे सरसावली. अ‍ॅमेझॉनने काय केले? २००९ साली नॉर्थ कॅरोलायना आणि ऱ्होड आयलंड, २०१० साली कोलोराडो, २०११ साली इलिनॉय ह्या राज्यांतील आपल्या सर्व संलग्न दलालांचे करार संपवून टाकले. जून २०११ च्या अखेरीस कॅलिफोर्नियाची पाळी आली आणि तेथील सुमारे दहा हजार दलालांना एका पत्राने निरोप मिळाला. काही महिन्यांनी राज्याशी तडजोड झाली तेव्हा त्यांना परत घेतले. ह्या लोकांनी काहीही गैर केले नव्हते. भांडण कंपनीचे आणि सरकारचे होते. पुढे २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ चा तो निकालच फिरवला आणि वादाचे मूळ गेले, पण मधल्या काळात ज्यांची घरे ह्या उत्पन्नावर चालत होती त्यांना त्याचा उपयोग नव्हता.

दुसरा घाव शोधयंत्रांकडून बसला. बहुतेक दलालांकडे वाचक येत ते गूगलच्या दारातून. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने आपल्या क्रमवारीचे निकष बदलले. इकडचे तिकडचे उचलून लिहिलेली, दुव्यांसाठीच उभारलेली पाने खाली ढकलली गेली आणि त्यांच्या मालकांचे उत्पन्न एका आठवड्यात आटले. तिसरा घाव दरांचा. एप्रिल २०२० मध्ये, महामारीमुळे लोक घरात कोंडले गेले असताना आणि सारी खरेदी इंटरनेटवर चाललेली असताना, अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचरवरील कमिशन शेकडा ८ वरून ३ वर आणले, किराण्यावरील ५ वरून १ वर. त्यासाठी सूचना दिली ती आठवड्याभराची.

श्रोतेहो, ह्या घटना विम्याच्या त्या ४४ व्या कलमाशेजारी ठेवून पाहाव्यात. विमा प्रतिनिधीने आणलेला ग्राहक कायद्याच्या दृष्टीने काही अंशी त्याचाच राही, आणि त्याच्या माघारीही त्याच्या कुटुंबाला फळ देई. दुव्याच्या दलालाने आणलेला ग्राहक दुसऱ्या दिवशी दुकानाचा होतो. ह्या दलालीला जो ‘कायमचे उत्पन्न’ म्हणतो त्याने आधी करारातील शेवटचे पान वाचावे, जेथे कराराच्या अटी आणि दर केव्हाही बदलण्याचा हक्क दुकानाने आपल्याकडे राखून ठेवलेला असतो.

असे असूनही काही लोक ह्या मार्गाने टिकले, वाढले. इंग्लंडात मार्टिन लुईस ह्या पत्रकाराने २००३ साली शंभर पौंड खर्चून एक संकेतस्थळ काढले. बँकेचे खाते, वीज, विमा ह्यांत सामान्य गृहस्थाचे पैसे कसे वाचतील एवढाच त्याचा विषय. स्थळावर जाहिराती नसत. उत्पन्न सारे संलग्न दुव्यांचे. नियम असा की, कोणती योजना चांगली हे संपादक प्रथम ठरवणार, आणि त्यानंतर तिच्यावर कमिशन मिळते का ते पाहिले जाणार. मिळत नसेल तरी शिफारस तीच राहणार. २०१२ साली हे स्थळ ८ कोटी ७० लाख पौंडांपर्यंतच्या किमतीला विकले गेले. अमेरिकेत ब्रायन लॅम ह्याने २०११ साली ‘वायरकटर’ सुरू केले. रोज वीस बातम्या टाकण्याची त्या धंद्याची चाल होती. लॅमने ती सोडली, आणि महिन्याकाठी थोड्याच वस्तू निवडून त्या प्रत्यक्ष वापरून, मोजून, तोलून, एक सर्वांत चांगली कोणती ते सांगण्याचे ठरवले. लेख जुना झाला की तो पुन्हा तपासायचा, निवड बदलली असेल तर तसे सांगायचे. विमा प्रतिनिधीच्या वार्षिक फेरीसारखेच हे झाले. २०१६ साली न्यूयॉर्क टाइम्सने ते सुमारे ३ कोटी डॉलरांना घेतले.

ह्या दोन्ही उदाहरणांत वाचक गूगलच्या मेहेरबानीने एकदा येऊन गेलेला नव्हता. तो पुन्हा पुन्हा येणारा होता. एखाद्या दुकानाने दर कमी केला तर दुसऱ्या दुकानाकडे त्याला नेता येत होते. झोपेत पैसा येण्याचा प्रकार मात्र येथे कोठेच दिसत नाही. लुईसच्या स्थळावर पगारी संपादकांचा ताफा होता, आणि वायरकटरची माणसे एकेका वस्तूमागे आठवडे घालवीत.

उपरण्याचा प्रश्न राहतो. वाचकासमोर हात पुढे करणारा कोणाकडून पैसे घेतो, हे वाचकाला दिसले पाहिजे की नाही? अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००९ साली आपल्या मार्गदर्शक नियमांत दुरुस्ती करून, इंटरनेटवर लिहिणाऱ्यांनीही असा संबंध उघड करावा असे ठरवले. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली तशी मार्गदर्शिका काढली, आणि २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी जे नियम प्रसृत केले, त्यांत शिफारस करणाऱ्याने आपला आर्थिक संबंध सांगणे बंधनकारक झाले. पुष्कळांना भीती वाटते की असे सांगितले तर वाचक दुवा वापरणार नाही. लुईसच्या स्थळावरील रीत ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तेथे ज्या दुव्यावर कमिशन मिळते त्यापुढे एक तारांकन असते, आणि खाली त्याच योजनेकडे नेणारा दुसरा, कमिशन नसलेला दुवाही दिलेला असतो. ज्याला स्थळाला काही द्यायचे नसेल त्याने तो घ्यावा.